दोन घरांची घंटा



आमच्या गोंदियाकडच्या शाळांत माझ्या लहानपणी पितळी घंटा क्वचितच दिसायची. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला असे आणि शाळेचा शिपाई लोखंडी दांड्याने त्यावर टोल देत असे. गाव रेल्वेचे, म्हणून घंटाही रेल्वेची. तोच तुकडा सकाळी ऐकला की पोटात गोळा यायचा आणि संध्याकाळी ऐकला की पायांना पंख फुटायचे. आवाज तोच, पण ऐकणाऱ्याची वेळ निराळी. घंटेचे हे गुपित मला त्या रुळाच्या तुकड्याने शिकवले.

आज मला काही घंटांविषयीच बोलायचे आहे. या घंटा पूर्वी वसई भागातल्या चर्चच्या घंटाघरांत होत्या. आज त्या महाराष्ट्रातल्या देवळांत आहेत. तुम्ही म्हणाल, गोंदियाच्या माणसाला वसईचे काय? तर आमच्याकडून दोन गाड्या निघतात. विदर्भ एक्सप्रेस नाशिकरोडवरून मुंबईला जाते आणि महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, सातारा करत कोल्हापूर गाठते. राज्याच्या या पूर्व टोकाहून त्या पश्चिम टोकापर्यंत जाताना या दोन्ही गाड्या अशा घंटांच्या जवळून जातात. बसल्या जागेवरून घंटा दिसत नाहीत. उतरावे लागते आणि थोडे विचारावे लागते.

पहिली घंटा नाशिकची. पंचवटीत गोदावरीच्या काठावर नारोशंकराचे मंदिर आहे. मूळ नाव रामेश्वर. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली ते बांधले, म्हणून लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. मंदिराच्या तटाला नदीच्या बाजूने मधोमध घंटेची छत्री आहे आणि तिच्यात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर युरोपीय आकड्यांत साल आहे १७२१. म्हणजे घंटा मंदिराहून सव्वीस वर्षांनी मोठी. तिचा आवाज पाच मैलांवर ऐकू जाई, असे जुने लोक सांगत. गोदावरीच्या पुराची गोष्ट निघाली की नाशिककरांच्या तोंडी दुतोंड्या मारुतीच्या जोडीला नारोशंकराच्या घंटेचे नाव येते. इतकी ती त्या गावाची झाली आहे.

दुसरी घंटा वाईजवळच्या मेणवलीची. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या मागे सुंदर दगडी घाट आणि घाटावर मेणेश्वराचे मंदिर. 'स्वदेस' या चित्रपटात अनेकांनी हा घाट पाहिला असेल. मंदिराशेजारी एका छोट्या दगडी घुमटीत पंचधातूची घंटा आहे. वजन सुमारे साडेसहाशे किलो. तिच्यावर साल आहे १७०७ आणि एका स्त्रीची उठावाची आकृती आहे, कडेवर बाळ घेतलेली. ही मरियम आणि बाळ येशू. मी तिथे उभा होतो तेव्हा एका आजीबाईने त्या आकृतीला हात लावून तो हात कपाळाला लावला. आई आणि लेकरू एवढे तिला कळले होते आणि तेवढे तिला पुरेसे होते.

तिसरी घंटा पुण्याच्या दक्षिणेला नसरापूरच्या बनेश्वराची. हे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, १७४९चे. तिथल्या घंटेवर क्रूस आहे आणि साल आहे १६८३. भीमाशंकरला अशी घंटा आहे. अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वराकडेही आहे. या सगळ्यांची गोष्ट परंपरा एकच सांगते : १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवांना वाहिल्या गेल्या.

ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली आहे. मात्र ती सुरू होते घंटा खाली उतरली तिथून. त्याआधी ती जिथे होती, तिथे ती काय करत होती, याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. म्हणून आधी तिच्या पहिल्या घरी जाऊ.

डिसेंबर १५३४मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा वेगवेगळ्या संघांनी चर्चेस आणि मठ उभारले. आज किल्ल्यात फिरलात तर त्यांच्या भिंती दिसतात, छपरे नाहीत. संत जोसेफच्या मोठ्या चर्चचे घंटाघर मात्र अजून ताठ उभे आहे. त्याच्या वरच्या कमानींमधून आभाळ दिसते. घंटा असायची ती जागा मोकळी आहे.

किल्ल्याबाहेर वाड्यावाड्यांतून गावांची चर्चेस उभी राहिली. नंदाखाल, सांडोर, आगाशी, पापडी, रमेदी अशी ही गावे. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ची. रमेदी हे नाव तर 'रेमेदियुस' या पोर्तुगीज शब्दापासून आलेले, म्हणजे दुःखावर उतारा देणारी माता. चर्चच्या हद्दीतल्या गावांना आणि पाड्यांना मिळून 'धर्मग्राम' म्हणतात. शेती, भाजी, केळी, नागवेलीची पाने यांवर जगणारी ही माणसे. दुपारी विहिरीवर रहाट फिरायचे आणि त्यांच्यावर घंटाघराची सावली पडायची.

घंटाघर हे त्या गावाचे घड्याळ होते. खिशात आणि मनगटावर वेळ येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीन वेळा घंटा होई. देवदूताने मरियमेला सांगितलेल्या निरोपाची आठवण करण्याची ही प्रार्थना. तीन टोल, थोडी शांतता, पुन्हा तीन, पुन्हा शांतता, पुन्हा तीन. शेतात वाकलेला माणूस क्षणभर सरळ उभा राही आणि बाई चुलीपुढून कपाळाशी हात नेई. कोणी गेले तर घंटा सावकाश वाजे. आग लागली, चाचे आले तर ती घाईने वाजे. सणाला ती नाचे. शब्दाशिवाय ती इतके सगळे सांगू शके, कारण गावाला तिची भाषा येत होती.

आणखी एक गोष्ट सांगतो. कॅथलिक परंपरेत नवी घंटा बुरुजावर चढवण्याआधी तिला पवित्र पाण्याने न्हाऊ घालतात, तेल लावतात, धूप दाखवतात आणि बहुतेकदा तिला एखाद्या संताचे नाव देतात. लोक त्याला घंटेचे नामकरण म्हणतात. म्हणजे घंटा ही वस्तू राहत नाही, घरातले माणूस होते. अशी नाव ठेवलेली घंटा एक दिवस कोणी खाली उतरवून बैलगाडीत घालून नेली, तर त्या गावाला काय वाटले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्याही गावातून कोणी ग्रामदेवतेची घंटा नेली तर आपल्याला तेच वाटेल.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. पोर्तुगीज सत्ता धर्माच्या बाबतीत उदार नव्हती. त्यांच्या मुलखात देवळे पाडली गेली, मशिदी पाडल्या गेल्या. गोव्यात १५६०मध्ये सुरू झालेल्या धर्मन्यायालयाची दहशत मोठी होती. साष्टी-वसईच्या हिंदू रयतेची गाऱ्हाणी पुण्यापर्यंत पोहोचत होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी तिथलीच माणसे मराठ्यांना बोलवायला पुढे झाली. १७३७मध्ये मोहीम सुरू झाली आणि ठाणे पडले. १७३९च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. सुरुंग लावून तट उडवले गेले. दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली आणि मराठ्यांची तर काही हजार. १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या आणि आठवडाभराने त्यांनी किल्ला सोडला. लढून हरलेल्या शत्रूला शस्त्रांसह आणि कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले गेले. चिमाजी अप्पांची ही मोहीम मराठ्यांच्या इतिहासातल्या मोठ्या पराक्रमांपैकी एक आहे आणि तसे म्हणताना मला कसलाही संकोच नाही.

त्या अटींत एक कलम होते, त्याची आठवण कमी निघते. जे ख्रिस्ती लोक वसईत राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता येईल आणि काही चर्चेस त्यांच्याकडे राहतील, असे ते कलम. युरोपीय पाद्री निघून गेले. मागे राहिले ते इथले शेतकरी, कोळी, भंडारी, सामवेदी, वाडवळ. पोर्तुगीज भाषा त्यांची कधीच नव्हती, त्यामुळे त्यांना जाण्यासाठी दुसरा देशच नव्हता. गोव्याकडून आलेल्या देशी पाद्रींनी त्यांना सांभाळले. राज्य बदलले तरी त्यांनी धर्म सोडला नाही आणि मराठीही सोडली नाही. नवे राज्यकर्ते पुण्याचे, आपल्याच बोलीचे. घंटा मात्र गेल्या होत्या. ज्या घंटेच्या टोलावर आजोबांनी आयुष्य मोजले, ती नसलेली पहिली संध्याकाळ कशी गेली असेल? इतिहासाच्या पुस्तकात अशा संध्याकाळीला पान मिळत नाही.

आता धातूचे बोलू. घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील. घंटेत कथील साधारण पाचवा हिस्सा असते, तोफेत त्याच्या निम्मे. म्हणजे घंटा आणि तोफ या एकाच भट्टीतल्या सख्ख्या बहिणी. युरोपात युद्धाच्या काळात राजांनी चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतल्याचे दाखले किती तरी आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आपल्या आणि जिंकलेल्या देशांतल्या मिळून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या, त्यांतल्या दीड लाखाच्या आसपास नष्ट झाल्या. त्या घंटा स्वतः ख्रिस्ती देशाने वितळवल्या! इकडे अठराव्या शतकात तोफांची सदैव गरज असलेल्या मराठ्यांनी या घंटा वितळवल्या नाहीत, टांगल्या. त्यावरचा क्रूस कानशीने घासून काढला नाही. मरियमेची आकृती छिन्नीने तोडली नाही. सालही तसेच ठेवले. मेणवलीला आणि बनेश्वरला जाऊन कोणीही हे पाहू शकतो.

त्यामागे काय असेल? विजयाची खूण राखायची तर ती ओळखू यायला हवी, हे एक कारण असणार. पण मला वाटते, देवाच्या दारची वस्तू देवाच्याच दारी जावी, अशीही एक भावना त्यात असावी. नाणी, तोफा, घोडे यांची वाटणी झाली. घंटा कोणाच्या वाड्यात गेल्या नाहीत, देवळात गेल्या. मी याला उदारपणा म्हणणार नाही, लूट ती लूटच. पण लुटीतही एक मर्यादा पाळली गेली आणि म्हणूनच आज आपल्याला त्या घंटांवरची अक्षरे वाचता येतात.

घंटेने घर बदलणे ही गोष्ट काही फक्त आपल्याकडची नाही. स्पेनमध्ये कोर्दोबाचा सेनापती अल-मन्सूर याने ९९७ साली सांतियागो हे तीर्थाचे गाव लुटले. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६मध्ये ख्रिस्ती राजा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकले. त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या, असे इतिहासकार सांगतात. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी हिशेब चुकता झाला! पण दोन्ही वेळा ओझे वाहिले ते हरलेल्या सामान्य माणसांनी. मोरोक्कोतल्या फेज शहरात करवीयीन मशिदीत आजही स्पेनमधल्या चर्चच्या घंटांची झुंबरे टांगलेली आहेत. माझ्या धर्माच्या लोकांनीही हे केले आहे, म्हणून मी कोणाकडे बोट दाखवायला उभा नाही.

गोव्यात तर ख्रिस्ती घंटाही फिरल्या. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटा मठ ओस पडल्यावर १८४१मध्ये आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. आज पणजीत फिरणाऱ्याला ती पणजीचीच वाटते. सी कॅथेड्रलची प्रसिद्ध 'सोन्याची घंटा' १६५२मध्ये गोव्यातल्याच कुंकळ्ळीला ओतलेली आहे. चर्चची घंटा म्हणजे समुद्रापलीकडून आलेलीच, असे समजण्याचे त्यामुळे कारण नाही.

अलीकडची एक घटना सांगतो. फिलिपाइन्समध्ये सामार बेटावर बालांगिगा नावाचे गाव आहे. १९०१मध्ये तिथल्या लोकांनी अमेरिकन सैनिकांवर हल्ला केला आणि ४८ सैनिक मारले गेले. पुढे सूड म्हणून अमेरिकन सैन्याने त्या बेटावर फार मोठा विध्वंस केला आणि गावच्या चर्चच्या तीन घंटा नेल्या. दोन अमेरिकेत एका लष्करी तळावर राहिल्या, एक सैन्याच्या तुकडीबरोबर फिरत कोरियात पोहोचली. गावाने त्या परत मागितल्या. वर्षानुवर्षे अर्ज झाले, वाद झाले. शेवटी ११ डिसेंबर २०१८ रोजी तिन्ही घंटा फिलिपाइन्सला परत आल्या आणि काही दिवसांतच गावच्या चर्चमध्ये वाजल्या. मधे ११७ वर्षे गेली होती.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला की मग वसईच्या घंटांचे काय? त्या परत जायला हव्यात का?

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. बालांगिगाच्या घंटा लष्करी तळावर होत्या. तिथे त्यांच्यापुढे कोणी हात जोडत नव्हते. नाशिकच्या आणि मेणवलीच्या घंटांचे तसे नाही. जवळपास तीन शतके माणसांनी त्या देवापुढे वाजवल्या आहेत. नवस बोलून वाजवल्या, नवस फेडून वाजवल्या. आज ती घंटा काढून नेली तर पुन्हा एका गावाची संध्याकाळ मुकी होईल. एक अन्याय पुसण्यासाठी दुसरा करावा, असे मला वाटत नाही. वसईच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी भीत भीत हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "ती तिथं सुखात हाय ना? वाजते ना? मंग राहू द्या. पण ती आमची व्हती, येवढं तिथं कोनी सांगते का?"

मला माझे उत्तर मिळाले. घंटा नका देऊ, तिची गोष्ट तरी पूर्ण सांगा.

आज देवळात आपल्याला काय सांगतात? "ही घंटा चिमाजी अप्पांनी वसईहून आणली." वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. वसईहून म्हणजे कोठून? कोणाच्या बुरुजावरून? ती कोणासाठी वाजत होती? ती माणसे आज कोठे आहेत? ती माणसे पोर्तुगालला गेलेली नाहीत. ती मुंबईच्या लोकलमधून रोज प्रवास करतात, वसईच्या बाजारात भाजी आणि फुले विकतात आणि मराठीत भांडतात. वसईच्या विजयाची गोष्ट सांगताना आपण त्यांना नकळत हरलेल्यांच्या रांगेत उभे करतो. हरले ते पोर्तुगीज. वसईचा ख्रिस्ती शेतकरी त्या लढाईत दोन्ही बाजूंच्या मधे सापडला होता.

यावर मी इतका का अडून बसतो, तेही सांगतो. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान आहे. इतिहासाच्या गप्पांत 'आपण जिंकलो' असे कोणी म्हटले की मला क्षणभर थांबून पाहावे लागते, या 'आपण'मध्ये मी आहे की नाही. बहुतेक वेळा असतो, मित्र मला ओढून आत घेतात. पण तो क्षण असतो. वसईच्या माणसाच्या वाट्यालाही तो येत असेल.

आमच्याकडे मशिदीत घंटा नसते. मदिनेत पहिल्यांदा नमाजला लोकांना बोलवायचे कसे, हा प्रश्न निघाला तेव्हा कोणी शिंग सुचवले, कोणी ख्रिस्ती लोकांसारखा ठोका सुचवला. शेवटी माणसाच्या गळ्यातली हाक ठरली आणि हबशी गुलामगिरीतून मुक्त झालेले बिलाल पहिली अजान द्यायला उभे राहिले. चर्चची घंटा एक जण सगळ्यांसाठी वाजवतो. देवळाची घंटा ज्याची त्याने स्वतःसाठी वाजवायची. अजान गळ्यातून येते. पद्धती तीन, पण तिन्ही ठिकाणी माणसाला हातातले काम क्षणभर खाली ठेवायला सांगितले जाते. वसईच्या घंटांना यांतल्या दोन पद्धती ठाऊक आहेत. एकीकडे त्या दोराने ओढल्या गेल्या, दुसरीकडे भाविकांच्या हातांनी.

आणि वसईच्या ख्रिस्ती माणसाचे मराठीपण सिद्ध करायला पुरावा लागतो का? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिले. ते १६१६मध्ये गोव्यात छापले गेले. मराठीचे कौतुक त्याने मनापासून केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली, तेव्हा वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. १९९८मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी 'सुवार्ता' मासिक दीर्घकाळ सांभाळले. हरित वसईच्या चळवळीत ते शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४मध्ये ते गेले. वसईच्या घंटा मराठी मुलखात गेल्या आणि वसईची वाणी मराठी साहित्यात आली. हे दुसरे येणे कोणी लढाई करून घडवलेले नाही.

पोर्तुगीज गेले तरी त्यांचे शब्दही आपल्या घरात राहिलेच. चावी, पाव, बटाटा, घमेले, पगार, लिलाव हे सगळे त्यांचे. पगाराची वाट पाहताना आपण कोणाचा शब्द वापरतो, याचा आपल्याला पत्ता नसतो. शब्द कोणाकडून आला हे विसरले तरी चालते. घंटेचे तसे नाही, कारण तिच्यावर साल कोरलेले आहे.

तेव्हा माझे मागणे अगदी छोटे आहे. ज्या ज्या देवळात अशी घंटा आहे, तिथे एक साधी पाटी असावी. घंटा कोणत्या सालची, तिच्यावर कोणती खूण आहे, ती वसई भागातल्या चर्चमधून १७३९च्या विजयानंतर इथे आली, एवढा मजकूर पुरे. तिच्यावरचा क्रूस आणि आकृती तेलरंगाखाली दडपली जाऊ नये. लोखंडी हातोडीने तिच्यावर घाव घालू नयेत, कथील जास्त असलेला हा धातू कडक पण ठिसूळ असतो आणि एकदा तडा गेला की आवाज कायमचा जातो. या सर्व घंटांची मापे, साले, अक्षरे आणि छायाचित्रे एकत्र नोंदवून ठेवावीत. जोसेफ गेरसन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला. तसे काम या घंटांचे व्हावे. आणि वसईच्या शाळकरी मुलांची एक सहल मेणवलीला आणि वाईच्या मुलांची एक सहल वसईच्या घंटाघराकडे जावी. एका सहलीला घंटा दिसेल, दुसरीला तिची रिकामी जागा. दोन्ही पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आमच्या जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. एकाच डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. महाशिवरात्रीला तिथे माणसांचा पूर लोटतो. चढताना दमलेला माणूस शेजारच्याला कोणत्या देवाकडे चाललास असे विचारत नाही, पाणी आहे का एवढेच विचारतो. त्या चढणीवर वाढलेल्या माणसाला घंटेची दोन घरे असणे अवघड वाटत नाही. आपल्याकडे मुलीलाही दोन घरे असतात. सासरी ती कितीही रुळली तरी माहेराचे नाव घ्यायला तिला कोणी बंदी करत नाही.

श्रोतेहो, महाराष्ट्र एक्सप्रेसने कधी साताऱ्याला उतरलात तर वाईला जा आणि मेणवलीच्या घाटावर थांबा. घंटा वाजवण्याआधी तिच्याभोवती एकदा फिरा. साल वाचा, मरियमेची आकृती पाहा. बरोबर लेकरू असेल तर त्याला उचलून दाखवा आणि सांगा, की ही आधी वसईच्या लोकांची होती, आता आपलीही आहे. मग वाजवा.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)